तांबडी पेशी आणि शितावरची परीक्षा

१९८० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हार्वर्डच्या एका गटाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मूळच्या चिलीच्या मिट्झी कानेसा, त्या वेळी हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयाचे अधिष्ठाता असलेले डॅनियल टॉस्टेसन आणि त्यांचे सहकारी यांनी उच्च रक्तदाबाच्या ३६ रुग्णांच्या आणि २६ निरोगी माणसांच्या तांबड्या रक्तपेशी तपासल्या होत्या. पेशीच्या पटलातून लिथियम आणि सोडियम यांची अदलाबदल किती वेगाने होते, एवढेच त्यांनी मोजले. एक लिटर पेशींमागे तासाला निरोगी माणसांत हा वेग सरासरी ०.२४ मिलिमोल होता, रुग्णांत ०.५५. मूत्रपिंडाच्या विकारासारख्या ठाऊक कारणाने ज्यांचा दाब चढला होता, अशा मोजक्या रुग्णांत तो निरोगी माणसांइतकाच निघाला. 'कारण सापडत नाही' म्हणून ज्यांची नोंद होते, त्या बहुसंख्य रुग्णांत मात्र तो दुपटीहून अधिक होता आणि त्यांच्या सख्ख्या नातेवाइकांतही वाढलेला होता.

त्या निबंधाने केवढी आशा जागवली असेल याची कल्पना करता येते. उच्च रक्तदाबाच्या दहापैकी नऊ रुग्णांना डॉक्टर नेमके कारण सांगू शकत नाहीत. अशा आजाराची खूण दंडातून काढलेल्या चमचाभर रक्तात सापडली, आणि तीही घराण्यात उतरणारी! दाब चढण्याच्या कितीतरी आधी, शाळकरी वयातच, कोणाला धोका आहे ते ओळखता येईल, असे अनेकांना वाटले. पुढची वीस वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांनी तांबड्या पेशी धुतल्या, भारल्या, मोजल्या. आज कोणत्याही पॅथॉलॉजी लॅबच्या दरपत्रकावर ही तपासणी नाही. मग ही सगळी मेहनत वाया गेली का? की हातात आलेला धागा आपण फार लवकर सोडला? दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे बरेच आहे.

आधी या पेशीकडे पाहू. माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसते, तंतुकणिका नसतात. हिमोग्लोबिनने भरलेली ही पिशवी सुमारे १२० दिवस जगते. तिच्या बाहेर, रक्तद्रवात, लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल सोडियम असते आणि आत जेमतेम दहाच्या आसपास. पोटॅशियमचे नेमके उलटे. ही तफावत टिकवणारा पंप तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. तो डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी १९५७ साली खेकड्याच्या चेतातंतूंत ओळखला आणि चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, त्याबद्दल त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पंपाखेरीज पटलावर इतर वाटाही आहेत. एका वाटेने सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड एकत्र ये-जा करतात, एका वाटेने सोडियमच्या बदल्यात हायड्रोजन जातो, एका वाटेने कॅल्शियम बाहेर फेकले जाते. हार्वर्डच्या गटाने मोजली ती सोडियम-लिथियमची वाट. शरीरात एरवी लिथियम नगण्य असते. उन्माद-अवसादाच्या रुग्णांना लिथियम दिले जाऊ लागले आणि ते पेशीतून बाहेर कसे पडते या प्रश्नाचा माग काढताना ही वाट सापडली.

रक्तदाबाशी याचा संबंध जोडणारा तर्क असा. आपल्या बारीक रोहिणींच्या भिंतीत स्नायू असतात. त्या स्नायूंच्या पेशीत सोडियम साचले, तर सोडियमच्या बदल्यात कॅल्शियम बाहेर टाकणारी यंत्रणा मंदावते. कॅल्शियम आत राहिले की स्नायू आवळलेला राहतो आणि रोहिणी अरुंद होते. मॉर्डेकाय ब्लॉस्टीन यांनी १९७७ मध्ये हा विचार नीट मांडला. त्याच दशकात मॉस्कोत पोस्त्नोव आणि ओर्लोव यांनी उंदरांच्या आणि मग माणसांच्या तांबड्या पेशी तपासून, उच्च रक्तदाब हा सबंध शरीरातल्या पेशीपटलांचाच दोष आहे, असे म्हणायला सुरुवात केली होती. जर्मनीत लोसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर १९६० मध्येच रुग्णांच्या तांबड्या पेशीत सोडियम जास्त असल्याचे नोंदवले होते. जिवंत माणसाच्या रोहिणीचा तुकडा उठसूट काढून तपासता येत नाही, रक्त मात्र सहज काढता येते. तेव्हा शितावरून भाताची परीक्षा करायची, एवढाच या साऱ्यांचा मार्ग होता. मार्ग वाजवी होता. शीत त्याच भातातले आहे का, हा प्रश्न मात्र त्यात पहिल्या दिवसापासून होता.

आता या पुराव्याची दुबळी बाजू, आणि ती खरोखर दुबळी आहे. पॅरिसमध्ये गाराय आणि मेयेर यांनी १९७९-८० मध्ये सोडियम-पोटॅशियमची एकत्र वाट तपासली आणि रुग्णांत ती मंद असल्याचे सांगितले. हा आनुवंशिक दोष आहे, असा त्यांचा दावा 'नेचर'मध्ये छापून आला. दोनच वर्षांत हार्वर्डच्या गटाने तीच वाट मोजली तर ती त्यांच्या रुग्णांत वेगवान निघाली. इतर काही ठिकाणी फरकच सापडला नाही. पेशीत सोडियम कसे भरले, कोणते द्रावण वापरले, पेशी किती वेळ धुतल्या, यावर आकडे हलत होते. एकाच गोष्टीबद्दल तीन शहरांत तीन निष्कर्ष येत असतील, तर त्यावरून कोणाच्या मुलाला 'तुला पुढे बीपी होणार' असे सांगणे हा अन्यायच झाला असता.

लिथियमची तपासणी यापेक्षा भक्कम ठरली. रुग्ण आणि निरोगी यांच्यातला फरक पुष्कळ ठिकाणी पुन्हा दिसला, पण दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत एवढे मिसळले की एका माणसाच्या आकड्यावरून काहीही ठरवता येईना. शिवाय या वेगावर इतर कितीतरी गोष्टींचा परिणाम होतो. रक्तात ट्रायग्लिसराइड जास्त असतील, वजन जास्त असेल, इन्सुलिनला शरीर दाद देत नसेल, तर तो वाढतो. गरोदरपणातही वाढतो. म्हणजे मोजला जातो तो रक्तदाब, की चरबीचे गणित? या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही.

त्यात अमेरिकेतून आलेला पुरावा सर्वांत अडचणीचा होता. तिथल्या कृष्णवर्णीय नागरिकांत उच्च रक्तदाब लवकर येतो, जास्त येतो आणि जास्त नुकसान करतो. या समाजात सोडियम-लिथियमचा वेग गोऱ्या नागरिकांपेक्षा कमी निघाला. तांबड्या पेशीतले सोडियम मात्र त्यांच्यात जास्त होते. आजार ज्यांना सर्वाधिक, त्यांच्यातच खूण सर्वांत पुसट, हे कोणत्याही निदानचाचणीला परवडणारे नाही. यातून दोन अर्थ निघतात. एक म्हणजे ही खूण निरुपयोगी आहे. दुसरा म्हणजे ज्याला आपण एकच नाव देतो तो उच्च रक्तदाब मुळात अनेक वाटांनी येतो आणि ही खूण त्यातली एकच वाट दाखवते. मला दुसरा अर्थ अधिक पटतो. एका वाटेला सर्व वाटांचे लक्षण मानण्याची चूक त्याने सुटत नाही, हेही तितकेच खरे.

जनुकांच्या बाजूनेही फासे उलटे पडले. सोडियम-लिथियमची वाट म्हणजे सोडियम-हायड्रोजन अदलाबदल करणाऱ्या प्रथिनाचेच दुसरे रूप असावे, असा अनेकांचा होरा होता. त्या प्रथिनाचे जनुक १९८९ मध्ये हाती आले. १९९१ मध्ये रिचर्ड लिफ्टन आणि सहकाऱ्यांनी कुटुंबांच्या अभ्यासातून ते जनुक उच्च रक्तदाबाचे कारण म्हणून बाद केले. पुढे लिफ्टन यांनी आणि इतरांनी एकेका जनुकामुळे दाब चढणारे किंवा उतरणारे दुर्मीळ विकार एकामागून एक उलगडले. लिडल यांच्या नावाचा विकार घ्या किंवा गिटेलमन यांच्या, सगळ्यांचा शेवट एकाच ठिकाणी होत होता : मूत्रपिंड मीठ किती राखते आणि किती सोडते.

मूत्रपिंडाची बाजू मांडणाऱ्यांकडे आणखीही एक पुरावा होता. १९८३ मध्ये सहा कृष्णवर्णीय रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांची मूत्रपिंडे उच्च रक्तदाबानेच निकामी झाली होती. निरोगी दात्याचे मूत्रपिंड बसवल्यावर त्यांचा दाब उतरला आणि पुढे काही वर्षे ठीक राहिला. या माणसांच्या तांबड्या पेशी, रोहिण्या, मेंदू, सगळे पूर्वीचेच होते. बदलले ते मूत्रपिंड. हे वाचल्यावर रक्ताच्या नळीत दाबाचे मूळ शोधणाऱ्यांना उत्तर देणे अवघड जाते.

एवढ्यावर निकाल देऊन मोकळे होता आले असते, पण मिलानची हकिगत आड येते. या सबंध वादात ती मला सर्वांत शिकवणारी वाटते.

इटलीत जुझेप्पे बियांकी यांच्या गटाने उंदरांची एक जात वाढवली होती, जिचा रक्तदाब आपसूक चढतो. १९७४ मध्ये त्यांनी या उंदरांची आणि निरोगी उंदरांची मूत्रपिंडे एकमेकांत बसवून दाखवली. दाब मूत्रपिंडाबरोबर गेला. इथपर्यंत मूत्रपिंडवाद्यांचा विजय. याच उंदरांच्या तांबड्या पेशी मात्र आकाराने लहान होत्या, त्यांत सोडियम कमी होते आणि सोडियम-पोटॅशियमची वाट वेगवान होती. हा दोष रक्तद्रवातल्या कुठल्या पदार्थामुळे आहे की पेशीचा स्वतःचा? त्यांनी अस्थिमज्जा बदलून पाहिली. दोष मज्जेबरोबर गेला, म्हणजे पेशी जिथे घडते तिथेच तो घडत होता. मग त्यांनी मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी तपासल्या, तर तिथेही सोडियम वाहण्याचा वेग वाढलेलाच. दोन्ही पेशींत समान असे काय आहे, याचा शोध घेता घेता तांबड्या पेशीच्या पटलाखालच्या सांगाड्यातले अॅड्युसिन नावाचे प्रथिन हाती लागले. त्याच्या जनुकात या उंदरांत बदल होते. हेच प्रथिन मूत्रपिंडातही असते आणि तिथे ते सोडियमच्या पंपाला जास्त कामाला लावते.

म्हणजे दाबाचे कारण मूत्रपिंडात होते, पण त्याचा पत्ता तांबड्या पेशीने सांगितला. 'रक्तपेशी की मूत्रपिंड' असा वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांनी हा अनुभव लक्षात ठेवायला हवा होता. जनुक एकच असते आणि शरीरातल्या अनेक पेशी ते वापरतात. एका पेशीत ते निरुपद्रवी विक्षिप्तपणा दाखवते, तर दुसऱ्या पेशीत आजार घडवते. निरुपद्रवी ठिकाणी ते पाहणे सोपे असेल, तर तिथून सुरुवात करण्यात काहीच गैर नाही.

या हकिगतीचा पुढचा भागही सांगायला हवा, कारण तो गैरसोयीचा आहे. माणसांत अॅड्युसिनच्या जनुकातला एक बदल काही लोकसमूहांत उच्च रक्तदाबाशी जोडलेला दिसला, इतरांत दिसला नाही. त्या समजुतीवर घडवलेल्या रोस्टाफ्युरॉक्सिन या औषधाची युरोपातल्या रुग्णांवर चाचणी झाली, तेव्हा दाब उतरवण्यात ते निष्प्रभ ठरले. आधी कोणतेच औषध न घेतलेल्या आणि ठरावीक जनुकीय ठेवण असलेल्या रुग्णांत ते उपयोगी पडते, असे मिलानच्या गटाचे म्हणणे आहे. तर्क सुसंगत असला, तरी त्यावर दवाखान्यात गोळी लिहून देता येत नाही. उंदराची एक शुद्ध जात आणि रस्त्यावरची माणसे यांत एवढे अंतर राहणारच.

इटलीचाच दुसरा पुरावा लिथियमच्या बाजूने बोलतो. उंब्रिया प्रांतातल्या गुब्बियो या गावी लोकसंख्येचा दीर्घ अभ्यास झाला. सुरुवातीला ज्यांचा सोडियम-लिथियम वेग जास्त होता, त्यांच्यात पुढच्या सहा वर्षांत उच्च रक्तदाब जडण्याचे प्रमाण अधिक आढळले. दवाखान्यात गोळा केलेल्या रुग्णांपेक्षा गावभरच्या लोकांवर, आणि आजार जडण्यापूर्वी, केलेले मोजमाप अधिक विश्वासाचे असते. १९८८ मध्ये मधुमेहाच्या रुग्णांबद्दलही दोन अभ्यास एकाच अंकात आले होते. त्यांत ज्यांची मूत्रपिंडे बिघडत होती, त्यांच्यात हा वेग जास्त होता. नंतर काहींना हे दिसले, काहींना नाही. एवढ्या पसाऱ्यानंतरही ही खूण सरसकट खोटी म्हणता येत नाही, असे माझे मत आहे. ती खरी आहे, अस्पष्ट आहे आणि एकट्या माणसाबद्दल बोलण्याच्या लायकीची नाही.

जुना वाद आज उकरण्याचे कारण आहे. लिथियमच्या तपासणीकडून जी अपेक्षा होती, तीच आता जनुकांच्या गुणपत्रिकेकडून केली जाते. २०१८ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासातून रक्तदाबाशी निगडित ९०१ जनुकीय ठिकाणे मोजली गेली. प्रत्येकाचा परिणाम एवढासा. त्यांची बेरीज करून धोक्याचा आकडा काढता येतो आणि तो लोकांना विकलाही जातो. ही बेरीज प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेली आहे. एका लोकसमूहात बसणारी खूण दुसऱ्यात उलटी पडते, हे तांबड्या पेशीने चाळीस वर्षांपूर्वी दाखवून दिले होते. तो अनुभव विसरून पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या तिशीतल्या माणसाच्या हातात असा आकडा ठेवणे मला घाईचे वाटते.

गंमत नव्हे, पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, या जनुकांच्या गर्दीत पटलाचाच विचार पुन्हा वर आला आहे. रक्तदाबाशी सर्वांत ठामपणे जोडल्या गेलेल्या ठिकाणांत एटीपी-टू-बी-वन हे जनुक आहे. ते पेशीतून कॅल्शियम बाहेर टाकणारा पंप घडवते. या जातीचा पंप पहिल्यांदा सापडला तो तांबड्या पेशीतच, १९६६ साली, बर्नमध्ये हान्स शात्समान यांना. जनुकशास्त्राने यादी दिली आहे, यंत्रणा दिलेली नाही. ती समजून घ्यायला कोणाला तरी पुन्हा पेशी धुवून, भारून, मोजावीच लागेल. हे कौशल्य असलेल्या प्रयोगशाळा जगभर कमी होत चालल्या आहेत आणि जिनोमच्या यंत्रांपुढे त्यांना अनुदान मिळणे कठीण झाले आहे. एका तपासणीचे अपयश म्हणजे सगळ्या विद्येचे अपयश, असा हिशेब धरणे अनुदान देणाऱ्यांना महागात पडेल.

दुसऱ्या बाजूला, सार्वजनिक पैशाचा प्रश्न आपल्याकडे फार टोकदार आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशातल्या प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. त्यातल्या असंख्यांचा दाब कोणी कधी मोजलेलाच नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता. त्या उपक्रमाचे सूत्र साधे आहे : प्रमाणित यंत्राने दाब मोजा, ठरलेल्या क्रमाने मोजकी औषधे द्या, गोळ्या आरोग्य केंद्रात खंड न पडता मिळू द्या, रुग्ण परत येतो का याची नोंद ठेवा. चीनमध्ये ६०० खेड्यांतल्या सुमारे २१ हजार लोकांवरच्या अभ्यासात साध्या मिठाऐवजी चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ दिले, तेव्हा पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. तो अहवाल २०२१ चा. त्यासाठी कोणाच्याही पेशीत डोकावावे लागले नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णांना असे मीठ घातक ठरू शकते, ती काळजी घ्यावीच लागेल. तरीही पुढचा रुपया कुठे खर्च करायचा असे मला कोणी विचारले, तर दाब मोजण्याचे यंत्र, अखंड गोळ्या आणि मीठ यांच्या पारड्यात मी तो आधी टाकेन.

पण तेवढ्याने संशोधनाचा प्रश्न मिटत नाही, आणि महाराष्ट्रात तर तो वेगळ्या कारणाने जिवंत आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की, आपल्याकडची माणसे दिसायला सडपातळ असली तरी शरीरात चरबीचे प्रमाण जास्त बाळगतात आणि इन्सुलिनला त्यांचे शरीर लवकर दाद देईनासे होते. याची सुरुवात गर्भातच होते. सोडियम-लिथियमचा वेग वाढवणाऱ्या गोष्टी याच आहेत. पाश्चात्य अभ्यासांत वजन आणि दाब एकत्र वाढत असल्याने त्यांचा गुंता सुटला नाही. वजन कमी, पण चरबी आणि ट्रायग्लिसराइड जास्त, अशा समाजात तो कदाचित सुटेल. जन्मापासून पाठपुरावा होत असलेल्या मुलांचे गट आपल्याकडे आहेत, ती मुले आता तरुण झाली आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या पेशीतले सोडियम, २४ तासांच्या लघवीतले मीठ आणि दिवसभराचा रक्तदाब एकत्र मोजण्याचा खर्च फारसा नाही.

अशा अभ्यासाच्या अटी मात्र आधीच ठरवायला हव्यात. मोजमापाची पद्धत दोन स्वतंत्र प्रयोगशाळांत जुळेपर्यंत निष्कर्ष छापू नयेत. नमुना कोणाचा हे मोजणाऱ्याला कळू नये. निकाल काहीही लागला तरी तो प्रसिद्ध करण्याचे बंधन असावे, कारण फरक न सापडलेले अभ्यास कपाटात राहिले, तर अशा खुणा असतात त्याहून ठळक भासतात. आणि सहभागी होणाऱ्या तरुणांना स्वतःच्या पेशीचा आकडा 'धोका' म्हणून सांगितला जाऊ नये. त्यांना सांगायचा तो आकडा दंडाला पट्टा बांधून मोजलेला. तो १४०/९० च्या वर सातत्याने जात असेल तर उपचार, खाली असेल तर दरवर्षी पुन्हा मोजणी.